साप साप म्हणून

अ‍ॅल्युमिनियमची एक नळी. बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर, लांबी ९०० मिलिमीटर, भिंतीची जाडी ३.३ मिलिमीटर. इराकने अशा हजारो नळ्या मागवल्या होत्या आणि २००१ मध्ये त्यांतला एक साठा जॉर्डनमध्ये अडवला गेला. या नळ्या कशासाठी, यावरून अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेतच वर्षभर वाद चालू होता. सीआयएचे म्हणणे असे, की युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजच्या फिरत्या भागासाठी त्या आहेत. पण सेंट्रिफ्यूजची खरी जाण असलेली माणसे ऊर्जा खात्याकडे, ओक रिजच्या प्रयोगशाळेत होती. त्यांनी मापे तपासली आणि कळवले, की या कामाला नळीची भिंत फार जाड आहे, वरचा लेप खरवडून काढावा लागेल, आणि नेमक्या याच मापाच्या नळ्या इराक कित्येक वर्षे साध्या रॉकेटांसाठी वापरत आला आहे. वाद मिटला नव्हता. ८ सप्टेंबर २००२ च्या रविवारी ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर नाव न सांगणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हवाल्याने बातमी आली, की सद्दाम हुसेन अणुबॉम्बच्या सामानाच्या शोधात आहे. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी दूरचित्रवाणीवर बसले आणि त्यांनी टाइम्सचा दाखला दिला. सरकारने कानात सांगायचे, वर्तमानपत्राने छापायचे आणि मग सरकारनेच ते छापील पान लोकांपुढे फडकवायचे! ऊर्जा खात्याचे तज्ज्ञ काय म्हणत होते, याचा त्या दिवशी सामान्य माणसाला पत्ताही लागला नाही.

युद्धाकडे लोकमत कसे वळवले जाते, या विषयाची ओळख करून देताना मी या नळ्यांपासून सुरुवात करतो, कारण या बाबतीतली रूढ समजूत मला अपुरी वाटते. रूढ समजूत अशी: पुढारी धडधडीत खोटे बोलतात, भोळी जनता फसते, युद्ध होते आणि मागाहून खोटे उघडे पडते. खोटे बोलले जाते हे खरेच; पण निव्वळ खोट्याने एवढे मोठे काम होत नाही. नळ्या खऱ्या होत्या, मागणी खरी होती, त्या अडवल्या गेल्या हेही खरे होते. बदलले गेले ते दुसरेच काही. त्याच रविवारी दुसऱ्या एका वाहिनीवर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉन्डोलिझा राइस यांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ असा होता, की ठोस पुराव्याची वाट पाहत बसलो, तर तो पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपानेच समोर यायचा. अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी महिन्याभराने सिनसिनाटीच्या भाषणात हीच प्रतिमा वापरली. या वाक्याची ताकद कशात आहे ते पाहा. त्यात कोणताही दावा नाही, त्यामुळे ते खोटे ठरवता येत नाही. पुरावा मागणे हाच धोका आहे, एवढेच ते सांगते. एरवी जो दुसऱ्यावर आरोप करतो त्याने तो शाबित करायचा असतो. इथे ती जबाबदारी अलगद उचलून शंका घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेवली जाते: साप नाही हे तू दाखव, तोवर आम्ही भुई धोपटतो. युद्धाच्या प्रचाराचा सगळा डोलारा या एका उलथापालथीवर उभा असतो, असे माझे प्रतिपादन आहे. या संग्रहातली भाषणे, ठराव आणि चौकशी अहवाल वाचताना वाचकाने प्रत्येक ठिकाणी एवढेच विचारावे, की शाबित करण्याची जबाबदारी या क्षणी कोणावर टाकली आहे.

ही उलथापालथ साधायला सर्वांत उपयोगी पडते ते वेळापत्रक. बुश यांचे चीफ ऑफ स्टाफ अँड्र्यू कार्ड यांनी सप्टेंबर २००२ मध्येच वार्ताहराला मोकळेपणाने सांगून टाकले होते, की विक्रीच्या दृष्टीने पाहिले तर नवा माल कोणी ऑगस्टमध्ये बाजारात आणत नाही. (सत्ताधाऱ्यांची सर्वांत प्रामाणिक वाक्ये बहुधा अशी अनवधानाने निसटलेली असतात.) सप्टेंबरात माल आला. ऑक्टोबरच्या १० तारखेला प्रतिनिधिगृहाने २९६ विरुद्ध १३३ मतांनी आणि लगेच ११ तारखेच्या पहाटे सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी अध्यक्षांना लष्करी कारवाईचा अधिकार दिला. मध्यावधी निवडणुका होत्या ५ नोव्हेंबरला. बारा वर्षांपूर्वीची तुलना इथे उपयोगी आहे. थोरल्या बुश यांच्या वेळी कुवेतवर इराकचा कब्जा डोळ्यांसमोर होता, संयुक्त राष्ट्रांचा ठराव हाती होता. तरी मतदान निवडणूक उरकल्यावर, १२ जानेवारी १९९१ ला झाले आणि सिनेटमध्ये ठराव जेमतेम ५२ विरुद्ध ४७ ने तरला. म्हणजे प्रत्यक्ष आक्रमण झाले असताना ५२ आणि संभाव्य धोक्यावर ७७! मधल्या काळात ११ सप्टेंबर घडले होते हे मान्य. पण मतपेटीच्या तोंडावर उभ्या असलेल्या सिनेटरला ‘नाही’ म्हणण्याची जी किंमत दिसत होती, ती १९९१ च्या सिनेटरला दिसत नव्हती. आणि ठराव शब्दांनी युद्धाचा नव्हताच, तो अधिकाराचा होता. अध्यक्षांचे हात बळकट करा, म्हणजे युद्ध टळेल, असे सांगून तो पुढे ठेवला गेला. शांततेसाठी दिलेले मत सहा महिन्यांनी युद्धाला दिलेले मत म्हणून मोजले गेले.

लंडनमधली तऱ्हा थोडी वेगळी. तिथे टोनी ब्लेअर यांच्या सरकारने २४ सप्टेंबर २००२ ला इराकच्या शस्त्रांविषयी एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. गुप्तचर यंत्रणेची माहिती अशी जाहीरपणे लोकांपुढे ठेवण्याची ही पद्धत नवी होती. सद्दामची काही रासायनिक व जैविक शस्त्रे हुकूम सुटल्यापासून ४५ मिनिटांत सज्ज होऊ शकतात, असे तीत पुन्हा पुन्हा आले होते. मूळ माहिती रणांगणावरच्या जवळपल्ल्याच्या माऱ्याविषयी होती, लांबवर जाणाऱ्या क्षेपणास्त्रांविषयी नव्हती. पुस्तिकेत मात्र हा फरक गाळलेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी सायप्रसमधले ब्रिटिश तळ पाऊण तासाच्या अंतरावर आणून ठेवले आणि सरकारपैकी कोणीही खुलासा करायला पुढे आले नाही. या प्रकरणातला माझ्या आजच्या कामाशी नाते सांगणारा भाग असा, की पुस्तिकेला ब्लेअर यांची स्वतःची प्रस्तावना होती. आतल्या मजकुरात गुप्तचर समितीचे ‘असे दिसते’, ‘असण्याचा संभव आहे’ थोडेफार तरी शिल्लक होते. प्रस्तावनेत ते सगळे ‘निःसंशय’ झाले. २०१६ मध्ये आलेल्या ब्रिटिश चौकशीच्या चिलकॉट अहवालाने नेमके यावर बोट ठेवले, की तिथे जी खात्री व्यक्त केली गेली तिला आधार नव्हता. प्रस्तावना लिहिणाऱ्या कोणालाही हे वाक्य जरा टोचावेच. पण त्याहून महत्त्वाचा कागद २३ जुलै २००२ चा आहे. डाउनिंग स्ट्रीटवरील बैठकीच्या या टिपणात ब्रिटिश गुप्तचर प्रमुखाने वॉशिंग्टनहून परतल्यावर दिलेला वृत्तान्त नोंदलेला आहे: तिथे युद्ध अटळ मानले जात आहे आणि धोरणाला जुळेल अशी माहिती बसवली जात आहे. टिपण २००५ च्या मे महिन्यात उजेडात आले. तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की दिसते, की पुराव्यावरून निर्णय निघाला नव्हता; निर्णय जुलैत गृहीत धरला गेला होता आणि पुरावा सप्टेंबरात बांधला गेला.

सद्दाम आणि ११ सप्टेंबर यांची सांगड हा या सगळ्यातला सर्वांत कुशल भाग. सद्दामने न्यू यॉर्कचे मनोरे पाडले असे बुश कधी सरळ म्हणाले नाहीत. अल कायदा आणि सद्दाम ही नावे एकाच परिच्छेदात, अनेकदा एकाच वाक्यात येत राहिली, एवढेच. ऑगस्ट २००३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या जनमत चाचणीत ६९ टक्के अमेरिकनांना वाटत होते, की त्या हल्ल्यात सद्दामचा वैयक्तिक हात असण्याचा संभव आहे. पुढच्याच महिन्यात बुश यांनी तसा पुरावा नसल्याचे सांगितले. तोवर सैन्य बगदादमध्ये होते. जे कधी बोललेच गेले नाही ते मागे घ्यायचा प्रश्नच येत नाही, आणि ज्याने ते मनोमन जोडले त्याला ते स्वतःचेच अनुमान वाटते. दुसऱ्याकडून घेतलेले मत माणूस सोडू शकतो, स्वतः काढलेला निष्कर्ष सोडायला तो सहसा तयार नसतो.

ही रीत इराकपासून सुरू झाली असेही नाही. ४ ऑगस्ट १९६४ च्या रात्री व्हिएतनामजवळच्या टोन्किनच्या आखातात अमेरिकी विनाशिकांवर दुसरा हल्ला झाल्याची बातमी आली. त्यांतल्या ‘मॅडॉक्स’ या विनाशिकेवरून काही तासांतच शंका कळवली गेली, की खराब हवा आणि अतिउत्साही सोनारवाले यांमुळे हा भास झाला असावा. अध्यक्ष जॉन्सन त्याच रात्री दूरचित्रवाणीवरून बोलले आणि ७ ऑगस्टला लष्करी कारवाईचा अधिकार देणारा ठराव मंजूर झाला: प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. नॅशनल सिक्युरिटी एजन्सीच्याच इतिहासकाराने हा दुसरा हल्ला झालाच नव्हता असे लिहिले. ते लिखाण खुले झाले २००५ मध्ये. त्याही मागे १९१७. वुड्रो विल्सन यांनी देशाला युद्धापासून दूर ठेवले, या घोषणेवर नोव्हेंबर १९१६ ची निवडणूक जिंकली आणि पुढच्या एप्रिलात युद्ध पुकारले. आठवड्याभरात पत्रकार जॉर्ज क्रील यांच्या हाताखाली प्रचार समिती स्थापन झाली. तिने सुमारे ७५,००० स्वयंसेवक वक्ते उभे केले. चित्रपटगृहात रीळ बदलायला चार मिनिटे लागत, तेवढ्यात उठून त्यांनी युद्धाची बाजू मांडायची. उत्तर द्यायला कोणाला वेळच नसे. दिवे मालवून पुढचे रीळ सुरू होई. आणि ज्यांनी सभा घेऊन सविस्तर उत्तर दिले, त्यांच्यासाठी हेरगिरीविरोधी कायदा होता. समाजवादी नेते युजीन डेब्ज यांना १९१८ मधल्या एका भाषणाबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. इथे शाबितीचा प्रश्नच निकालात निघतो: प्रश्न विचारणाऱ्याने आधी स्वतःची देशनिष्ठा सिद्ध करायची.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत न्याय्य आक्षेप असा, की बुश-ब्लेअर यांना सद्दामकडे शस्त्रे आहेत असे खरोखरच वाटत होते. मार्च १९८८ मध्ये त्याने हलब्जात कुर्दांवर विषारी वायू सोडला होता. युद्धाला विरोध करणाऱ्या देशांतल्या यंत्रणांनाही त्याच्याकडे काहीतरी असावे असाच संशय होता. मग याला फसवणूक कसे म्हणायचे? मी फसवणूक हा शब्द इथे मुद्दाम टाळतो. त्यांचा विश्वास होता असे गृहीत धरू. पण विश्वास असलेला माणूस तपासणीला घाबरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हान्स ब्लिक्स यांच्या निरीक्षकांनी २७ नोव्हेंबर २००२ ला इराकमध्ये पुन्हा काम सुरू केले. शेकडो ठिकाणी जाऊनही त्यांना साठे सापडले नाहीत, तेव्हा त्याचा अर्थ ‘नसतील’ असा घेतला गेला नाही. ‘लपवले आहेत, म्हणजे सद्दाम किती लबाड ते पाहा’ असा घेतला गेला. सापडले तर युद्ध, न सापडले तरी युद्ध. ज्या समजुतीला खोटे ठरवणारी कोणतीही परिस्थिती शिल्लक ठेवलेली नाही, तिला अंदाज म्हणता येत नाही. नायजरमधून इराकने युरेनियम मागितल्याच्या कागदांचीही हीच गत. आफ्रिकेतल्या युरेनियमचे वाक्य बुश यांनी २८ जानेवारी २००३ च्या भाषणात घातले. ७ मार्चला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे मोहम्मद अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेत ते कागद बनावट असल्याचे जाहीर केले. एका पत्रावर २००० सालची तारीख होती आणि सही होती दहाहून अधिक वर्षांपूर्वी पद सोडलेल्या परराष्ट्रमंत्र्याची. हे कळायला हेरांची गरज नव्हती, संदर्भग्रंथ पुरला असता. अल बरादेई यांचे निवेदन गुप्त नव्हते. जगभर छापून आले. दोन आठवड्यांच्या आत बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि गॅलपच्या चाचणीत युद्धाचा पाठिंबा ७२ टक्क्यांवर गेला. सैन्य एकदा रणांगणात उतरले की प्रश्न ‘युद्ध योग्य आहे का’ हा राहत नाही, ‘आपल्या पोरांच्या पाठीशी आहात का’ हा होतो. त्याला ‘नाही’ म्हणायची छाती फार थोड्यांची असते.

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. लोक नेहमी शहाणेच असतात असे नाही. कधी धोका खरा असतो, लोक डोळे मिटून बसलेले असतात आणि पुढाऱ्याला त्यांना ढकलावेच लागते. याचे उदाहरण फ्रँकलिन रूझवेल्ट. ४ सप्टेंबर १९४१ ला ‘ग्रीअर’ ही अमेरिकी विनाशिका आणि जर्मन पाणबुडी यांची चकमक झाली. आठवड्याने रूझवेल्ट यांनी रेडिओवरून सांगितले, की पाणबुडीने आधी हल्ला केला. ‘ग्रीअर’ तासन्‌तास तिचा माग काढून तिचा ठावठिकाणा ब्रिटिश विमानाला कळवत होती, हे त्यांनी सांगितले नाही. नाझी जर्मनीच्या धोक्याबद्दल रूझवेल्ट बरोबर होते, हे कोण नाकारील? तरीही दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. एक म्हणजे या चलाखीने अमेरिका युद्धात उतरली नाही. ती उतरली ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर जपानी विमाने आल्यावर, जेव्हा शाबित करण्यासारखे काही उरलेच नव्हते. दुसरी गोष्ट सिनेटर फुलब्राइट यांनी पुढे सांगितली. टोन्किनचा ठराव सिनेटमध्ये पार पाडण्यात पुढाकार त्यांचाच होता आणि त्याचा पश्चात्ताप करण्यात त्यांची पुढली वर्षे गेली. चांगल्या कारणासाठी रूझवेल्ट यांनी केलेल्या लपवाछपवीमुळे वाईट कारणासाठी तेच करणे जॉन्सन यांना सोपे गेले, असे त्यांचे म्हणणे होते. हेतूची शुद्धता पद्धतीबरोबर वारशात येत नाही.

तिसरा आक्षेप उलट टोकाचा: या सगळ्या चिकित्सेचा उपयोग काय, लोकांना केव्हाही हाकता येते. न्यूरेंबर्गच्या तुरुंगात हेर्मान गोअरिंग मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांच्यापाशी असेच काहीसे बोलला होता आणि ते वाक्य आजही उत्साहाने फिरवले जाते. गोअरिंगला लोकमानसाचा तज्ज्ञ का मानायचे, हे मला कधी उमगले नाही. त्याच्याच राजवटीचा अनुभव वेगळा आहे. २७ सप्टेंबर १९३८ ला हिटलरने बर्लिनच्या रस्त्यांवरून मुद्दाम लष्करी ताफा फिरवला. लोकांनी जयजयकार केला नाही, बरेच जण तर पाहायलाही थांबले नाहीत. दीड महिन्याने जर्मन वृत्तपत्रवाल्यांपुढच्या बंद दाराआडच्या भाषणात त्याने कबूल केले, की वर्षानुवर्षे शांततेचीच भाषा करावी लागल्याने लोकांना तेच खरे वाटू लागले आहे आणि आता त्यांची मने फिरवायला हवीत. सर्व वर्तमानपत्रे, रेडिओ आणि तुरुंग मुठीत असणाऱ्या हुकूमशहाला एवढा खटाटोप करावा लागत असेल, तर लोकशाहीतल्या पुढाऱ्याला तो करावाच लागतो. आणि खटाटोप लागतो म्हणजे तो फसूही शकतो.

मराठी वाचकाला इराकची ही कथा वाटते तेवढी परकी नाही. पहिल्या महायुद्धात त्या भूमीवर लढायला गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच पूना डिव्हिजन होते, तीत मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला कुत अल अमारा इथे उपासमारीनंतर तिला तुर्कांपुढे शरण जावे लागले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये जनरल मॉड यांनी बगदाद घेतले आणि जाहीरनामा काढला, की आम्ही जेते म्हणून नव्हे, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत. २००३ च्या मार्चमध्ये तेच आश्वासन नव्याने दिले गेले. कर्त्यांपैकी कितीजणांना जुन्याची आठवण होती कोण जाणे. ८ एप्रिल २००३ ला लोकसभेने या युद्धाचा निषेध करणारा ठराव केला. नंतर अमेरिकेने इराकमध्ये भारतीय फौजेची एक डिव्हिजन मागितली. सरकारात त्यावर बराच खल झाला, फौज पाठवण्याच्या बाजूचे लोकही कमी नव्हते. १४ जुलैला वाजपेयी सरकारने कळवले, की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू. कागद तुम्ही आणा, मग बोलू. शाबित करण्याची जबाबदारी जिथली तिथे परत ठेवली गेल्याचे हे एक साधे उदाहरण.

दुसरे उदाहरण इतके सुखाचे नाही आणि माझ्या प्रतिपादनालाच ते थोडे अवघड जाते. २१ ऑगस्ट २०१३ ला सीरियात दमास्कसजवळच्या घौटा भागात रासायनिक शस्त्रांनी शेकडो माणसे मारली गेली. हा कल्पित धोका नव्हता. सारीन वायू वापरला गेल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या तपासपथकानेही पुढे नक्की केले. ब्रिटिश पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी २९ ऑगस्टला कारवाईचा प्रस्ताव हाउस ऑफ कॉमन्सपुढे आणला. खासदारांनी पुरावा मागितला, निरीक्षकांचे काम पूर्ण होऊ द्या म्हणाले, दहा वर्षांपूर्वी जे विचारायला हवे होते ते सगळे विचारले आणि प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. या वेळी दाव्याचा गाभा खरा होता. कॅमेरन यांनी भाषणातच मान्य केले, की इराक प्रकरणाने लोकमताची विहीर विषारी करून ठेवली आहे. १८ मार्च २००३ ला त्याच सभागृहात ४१२ सदस्यांनी इराकवरील युद्धाच्या बाजूने मत दिले होते. विरोधी बाकांवरचे तरुण खासदार डेव्हिड कॅमेरन त्यांपैकी एक होते.